मास्तरांचा पाय

“दार लाव. थांबलेलं बिघडत नाही.”

हे वाक्य तो दिवसातून किती वेळा म्हणायचा याला गणतीच नव्हती. हमाल पोतं पाठीवर घेऊन आत शिरला, की त्याच्यामागून हे वाक्य शिरायचं. ट्रकवाला गप्पा मारत उंबऱ्यात रेंगाळला, की त्याच्या अंगावर हे वाक्य यायचं. चिडून नाही, ओरडून नाही. थकलेला माणूस पायरीवर बसताना श्वास सोडतो, तसं.

बटाट्यांच्या कोल्ड स्टोरेजवर तो यंत्र सांभाळायचा. वस्ती संपते तिथली ती उंच, बिनखिडक्यांची इमारत. बाहेर ऊन रणरणत असताना आत माणसाच्या तोंडातून वाफ निघायची. त्याची उमर त्या थंडीत गेली. भर उन्हाळ्यात अंगात राखाडी स्वेटर, कानाला मफलर. म्हणून हमालांनी त्याचं नाव ठेवलं थंडोबा. तोंडावर मात्र सगळे काका म्हणायचे.

त्या स्वेटरची एक गोष्ट होती. संध्याकाळी तो घरी पोचायचा तेव्हा त्या जाड लोकरीत थंडी मुरलेली असायची. त्याची मुलगी लहान होती तेव्हा दारातच वाट बघत उभी राहायची आणि विचारायची, “बाबा, थंडी आणलीत?” तो दोन्ही हात पसरायचा. ती घामेजलेलं तोंड त्याच्या पोटात खुपसून तशीच उभी राहायची. पुढे ती मोठी झाली, शिकली, शिकवण्या घेऊ लागली. दारात यायची बंद झाली, पण खिडकीत उभी राहायची. सकाळी तो कामाला निघाला की खिडकीतून हात हलवायची. तो मागे वळून बघायचा नाही. न वळताच एक हात वर करायचा. ती तिथे असणारच, ही खात्री त्या हातात होती.

मास्तरांना तिनेच आणलं. बाजारात रंगीत मासे विकणारा एक पोरगेला दुकानदार होता, त्याच्याकडून. अ‍ॅक्सोलॉटल म्हणतात त्या जातीला. वीतभर लांबीचा, पाण्यात राहणारा जीव. दिसायला सरड्यासारखा, पण गोतावळा बेडकाचा. अंग गुलाबी, कातडी इतकी पातळ की आतलं लाल रक्त दिसावं. मानेच्या दोन्ही बाजूंना पिसांसारखे झुलणारे कल्ले. चार इवले पाय, आणि तोंडावर कायमचं हसू. बेडकाचं पोर मोठं होऊन पाण्याबाहेर येतं. हा जीव येत नाही. जन्मभर पोरच राहतो. आणि त्याच्या डोळ्यांना पापण्या नसतात. रात्रंदिवस उघडे.

“बघ ना आई, कसे टक लावून बघतात,” मुलगी म्हणाली होती. “वर्गात मागच्या बाकावर कोण बोलतंय ते बघणारे मास्तर.”

तेव्हापासून ते मास्तर. त्या घरात मास्तरांनाही अहोजाहो होती. “मास्तर जेवले का?” “मास्तर रागावलेत आज.” काकू, म्हणजे थंडोबाची बायको, म्हणायच्या, “या घरात माझ्यापेक्षा गांडूळ खाणाऱ्याला मान जास्त.” आणि मुलगी खळखळून हसायची. मास्तरांच्या काचेच्या टाकीसमोर तिची एक वेताची खुर्ची होती. दिवेलागणीला ती तिथे बसून चिमट्याने एकेक गांडूळ पाण्यात धरायची, आणि मास्तर चालत यायचे. पोहत नाही, काचेच्या तळावरून एकेक पाऊल टाकत, सावकाश, पुढाऱ्यासारखे.

मग तिला ताप आला.

डॉक्टर येऊन गेले, औषधं झाली. थंडोबा कामावर जाऊन पाइपांवर साठलेला बर्फ खरवडायचा, डबा भरून घरी पळायचा. तिच्या कपाळावर फडकं, फडक्यावर बर्फ. ताप हटेना. शेवटच्या दिवशी त्याच्या हाताखाली कपाळ हळूहळू गार होत गेलं. क्षणभर त्याला वाटलं, उतरला. तो काकूंकडे बघून हसलासुद्धा.

ते हसू काकूंना पुढे कधी विसरता आलं नाही.

दिवसकार्य झाल्यावर तो एकेक करून कोल्ड स्टोरेजमधून जुने थर्माकोलचे जाड पत्रे घेऊन यायला लागला. मुलीच्या खोलीची खिडकी त्याने आतून पत्र्यांनी बंद केली. दाराच्या चौकटीला चारी बाजूंनी रबराची पट्टी ठोकली, मालाच्या खोल्यांना असते तशी. दार लागताना ‘फुस्स’ असा आवाज यायचा. आत थंड हवेचं यंत्र सुरू. कोणी विचारलं तर म्हणायचा, “मास्तरांना गारवा लागतो.” ते खरंही होतं. उन्हाळ्यात पाणी तापलं तर तो जीव जगत नाही. त्यामुळे कोणी पुढे विचारलं नाही.

पण गारवा मास्तरांना लागत होता, आणि दाराची पट्टी त्याला. खोलीत मुलीचा वास होता. तिच्या केसांच्या तेलाचा, वह्यांचा, पलंगावरच्या चादरीचा. तो वास त्याला धरून ठेवायचा होता. काकू पोछा घेऊन दारात आल्या तरी तो म्हणायचा, “अगं, दार लाव. थांबलेलं बिघडत नाही.”

काकू दार लावायच्या. बाहेरून.

रोज दिवेलागणीला तो आत जाऊन मास्तरांना खायला घालायचा. खुर्चीत बसायचा नाही. टाकीच्या दुसऱ्या अंगाला उभा राहायचा. आणि इथेच ती गोष्ट होती, जी त्याने फार दिवसांनी एकदाच सांगितली. मास्तर त्याच्याकडे यायचे, गांडूळ गिळायचे, आणि वळून खुर्चीच्या बाजूला जाऊन बसायचे. काचेला नाक लावून. रिकाम्या खुर्चीकडे बघत. थोड्या वेळाने त्यांचे कल्ले हलायचे, एकदा, दोनदा, तिचं बोट काचेवरून फिरायचं तेव्हा हलायचे तसे. मग ते त्या न दिसणाऱ्या बोटामागून काचेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जायचे.

तो भिंतीला पाठ लावून बघत राहायचा. भीती नाही वाटायची. पण स्वेटर अंगात असून तो थरथरायचा.

एका दुपारी तो कामावर असताना काकूंनी दार उघडलं. त्यांच्याच शब्दांत सांगायचं तर, “मला त्या खोलीचा श्वास ऐकू यायला लागला होता.” त्या आत गेल्या, खिडकीवरचा एक पत्रा ओढून काढला, आणि खिडकी सताड उघडली. बाहेर वावटळ सुटली होती. वारा असा घुसला की जणू दाराशी टपूनच बसला होता. पडदा उडाला, टाकीवर झाकण म्हणून ठेवलेली काच त्यात अडकली, उचलली गेली आणि उभी पाण्यात पडली. खाली मास्तर होते.

पाणी गुलाबी झालं.

पुढचा डावा पाय कोपरापासून गेला होता. एका बाजूचे कल्ले फाटून लोंबत होते. काकूंनी काच काढली, आणि टाकीजवळ मटकन खाली बसल्या. थंडोबा आला तेव्हा त्या तशाच बसलेल्या होत्या, आणि खिडकी उघडीच होती.

आधी त्याने खिडकी लावली. खोलीच्या मधोमध उभा राहून नाकाने हवा ओढली, पुन्हा ओढली. मग मास्तरांकडे वळला. एका डब्यात शिळं, क्लोरीन उतरलेलं पाणी घेतलं, ओंजळीने मास्तरांना त्यात ठेवलं, डबा छातीशी धरला आणि आल्या पावली कोल्ड स्टोरेजला परत गेला. माल सडू द्यायचा नसेल तर कुठे न्यायचा, एवढं एकच त्याला ठाऊक होतं.

मालाच्या खोल्यांआधी तिथे एक अरुंद बोळ होता. खोल्यांइतका कडक नाही, पण पाण्यात हात घातला की हाडं दुखावीत इतका गार. तिथल्या फळीवर त्याने डबा ठेवला. रोज पाणी बदलायचं, जखमेवर कापसासारखी पांढरी बुरशी दिसली की मिठाच्या पाण्यात थोडा वेळ धरायचं, आणि परत गारव्यात. मासेवाल्यालाच विचारून घेतलं होतं त्याने हे. हात एवढा हलका, की मास्तरांना धरल्याचं कळू नये. डोळ्यांत तेल घालून तो त्या जिवाला जपत होता. घरी फक्त जेवायला जायचा. काकू वाढायच्या, तो जेवायचा. ताटावरून उठताना म्हणायचा, “बरे आहेत.” तेवढंच.

बुरशी गेली. जखम होती तशी राहिली. लाल नाही, काळी नाही. पहिल्या दिवशी होती तशीच. मास्तर खाईनात, फारसे हलेनात, पण जिवंत होते. थंडोबाच्या जिवात जीव आला.

“थांबलंय,” तो मुकादमाला म्हणाला. “आता बिघडत नाही.”

मुकादम हमालांचा म्होरक्या, आडदांड, तोंडाचा फटकळ. पण त्या दिवसांत त्याचंही तोंड बंद झालं. कारण बोळात थंडोबाचं बोलणं ऐकू यायचं. डबा त्याने अशा जागी ठेवला होता की समोर पहिली खोली होती. माल उचलला गेल्यामुळे ती रिकामी होती. दिवेलागणीला डब्यातले मास्तर मोठ्या कष्टाने, तीन पायांवर, अंग ओढत वळायचे आणि त्या खोलीच्या बंद दाराकडे तोंड करून बसायचे. मग थंडोबा दार उघडून आत जायचा. रिकाम्या खोलीत, लाकडी मांडण्यांमध्ये, हात किंचित पसरून उभा राहायचा. लोकरीत थंडी मुरेपर्यंत.

“काका, आत कोणाशी बोलता?” मुकादमाने एकदा धीर करून विचारलं.

“मास्तरांशी.”

“मास्तर तर बाहेर आहेत.”

थंडोबाने मफलर कानांवर ओढून घेतला. मुकादमाने हसण्यावारी नेलं, “बघा हो, इथलं भूतसुद्धा स्वेटर मागेल.” पण कोणी हसलं नाही, आणि तोही हसला नाही.

पुढे एकदा मुकादमाने पाहिलं ते असं. थंडोबा त्या खोलीत गेला आणि दार उघडं राहिलं. सबंध आयुष्यात ज्याने दार उघडं टाकलं नाही, तो माणूस दार विसरला. बऱ्याच वेळाने आतून त्याचा आवाज आला, हळू, लाडाने बोलल्यासारखा, “दार लाव, पोरी.” आणि ते लोखंडी, हातभर जाड दार सावकाश फिरलं आणि लागलं. ‘फुस्स’ झालं. जवळ कोणी नव्हतं. जमिनीला उतार असेल, यंत्राचा झोत असेल; काय असेल ते असो. मुकादम धावत गेला, दार ओढून उघडलं. थंडोबा मांडणीला टेकून उभा होता. ओठ निळे, भुवयांवर पांढरं.

“कशाला उघडलंस?” तो म्हणाला. एवढंच.

मुकादमाने त्याला हाताला धरून उन्हात आणून बसवलं. आणि मासेवाल्याला निरोप धाडला, कारण म्हाताऱ्याने ऐकलंच तर त्या जिवाच्या बाबतीतच कोणाचं ऐकेल, असं त्याला वाटलं.

मासेवाल्याने बोळात येऊन डब्यात बोट घातलं आणि झटकन काढलं. “काका, हे काय! मी म्हणालो होतो थोडे दिवस गारव्यात, बुरशी जाईपर्यंत. तुम्ही तर मुक्कामच टाकलात.”

“बिघडलंय का काही?”

“बिघडलं नाही, पण हाडं वर आलीत त्यांची. यांचा पाय पुन्हा फुटतो, माहितेय ना? अख्खा. बोटांसकट. पण पाणी इतकं थंड नको, माठातल्यासारखं तरी हवं. नाहीतर…”

“नाहीतर काय?”

“नाहीतर असेच हळूहळू जातील. तुम्हाला कळणारही नाही कधी गेले. डोळे तर यांचे उघडेच असतात.”

थंडोबाने डब्याचं झाकण लावलं. “तू मासे वीक,” तो म्हणाला.

मासेवाला तिथून निघाला तो सरळ काकूंकडे गेला.

काकू त्या इमारतीत कधी आल्या नव्हत्या. इतकी वर्षं नवरा तिथे राबला, पण त्या फाटकाच्या आत आल्या नव्हत्या. त्या दुपारी आल्या. हमाल बाजूला झाले. बोळात येऊन त्यांनी पदर अंगाभोवती घट्ट घेतला आणि झाकण काढलं. मास्तर तळाशी होते. कातडीखाली बरगड्या मोजाव्यात असे. उघडे डोळे, आणि तेच हसू.

शेजारी फुटलेलं पोतं होतं. त्यातला एक बटाटा उचलून त्यांनी हातात फिरवला.

“केव्हाचे हे?”

“मागच्या हंगामातले.”

“मग याला कोंब कसा नाही? माझ्या टोपलीतल्याला आठवड्यात फुटतो.”

“अगं, थंडीत कुठे कोंब येतो! त्यासाठीच तर… थांबलेलं…” आणि वाक्य त्याच्या तोंडातच राहिलं.

आयुष्यात पहिल्यांदा ते वाक्य अर्धं राहिलं. तो डब्याकडे बघत राहिला.

“मास्तरांना कोंब फुटायचाय हो,” काकू म्हणाल्या. “त्यांना बटाट्यासारखं नका ठेवू.”

“घरी नेलं तर सडेल. पुन्हा बुरशी येईल.”

“येईल. मग मीठ आहे घरात.”

“तू खिडकी…” तो म्हणाला आणि थांबला.

“बोला. हो, मीच उघडली. इतके दिवस झाले, मला ओरडलासुद्धा नाहीत. ओरडा ना! भांडी आपटा. काहीतरी करा.”

“काय ओरडू?” त्याचा आवाज फाटला. “वास गेला गं सगळा. तिचा वास होता तिथे. तू खिडकी उघडलीस आणि गेला.”

काकूंनी बटाटा पोत्यात परत ठेवला. तोंडातून निघणारी वाफ दोघांच्या मध्ये मिसळत होती. मग त्या म्हणाल्या, “नव्हता. तुम्ही कामावर गेलात की मी रोज तिची उशी हुंगायचे. थर्माकोलचा वास यायचा. कितीतरी आधीपासून.”

मुकादम फाटकाशी उभा होता. त्याने नंतर सांगितलं, की थंडोबा तेव्हा जे रडला, त्यापुढे यंत्राची घरघर ऐकूच येईना; त्याला वाटलं आतलं यंत्र बंद पडलं.

मास्तरांना घरी आणलं, पण एकदम उबेत नाही. ते थंडोबाने करू दिलं नाही. पोती एकदम उन्हात काढली की घामेजतात आणि आतून सडतात. म्हणून डबा आधी ओल्या गोणपाटात गुंडाळून, मग मोरीच्या गार फरशीवर, मग मुलीच्या खोलीत. यंत्राचा गारवा रोज थोडा कमी. मास्तरांना पुन्हा टाकीत सोडलं, आणि चौथ्या पायाच्या जागी लगेच पांढरा कापूस दिसला.

थंडोबाने मास्तरांना पुन्हा डब्यात घेतलं आणि डबा उचलला. “परत नेतो.”

काकू दारात आडव्या झाल्या. “नाही.”

“मरतील!”

“तिथेही मरतच होते. मीठ घाला पाण्यात.”

त्याने बराच वेळ डबा धरून ठेवला. मग खाली ठेवला. मिठाचं पाणी काकूंनी कालवलं. त्याने मास्तरांना धरलं. दोघांची डोकी त्या एका भांड्यावर वाकली. मुलगी गेल्यापासून ती दोघं इतकी जवळ आली नव्हती.

बुरशी हटली, पुन्हा आली, पुन्हा हटली. काकूंना परसात गांडुळं खणताना बघून शेजारीण म्हणाली, “अहो, काय शेती काढलीत?” काकू म्हणाल्या, “पाहुण्यांचं पथ्य आहे.” मास्तरांनी पहिलं गांडूळ थुंकलं, दुसरं थुंकलं. मग एका संध्याकाळी एक तोंडात धरून ठेवलं आणि विचार करून गिळलं. थंडोबा एवढ्याने बाहेर जाऊन चूळ भरून आला, कारण डोळ्यांत पाणी आलेलं दाखवायचं नव्हतं.

आणि मग एके सकाळी तुटलेल्या पायाच्या टोकावर एक ठिपका दिसला. बाजरीच्या दाण्याएवढा. गुलाबी, पारदर्शक.

“कोंब,” काकू म्हणाल्या.

त्याने खुर्ची पुढे ओढली, काकूंना म्हणाला, “बस.” त्या त्याच्याकडे बघत राहिल्या. मुलीनंतर त्या खुर्चीत कोणी बसलं नव्हतं. “बस,” तो पुन्हा म्हणाला. त्या बसल्या. वेत करकरला.

दाण्याची काडी झाली. काडीच्या टोकाला चीर पडली, मग आणखी पडल्या, आणि इवली इवली चार बोटं सुटी झाली. आधी ती नुसती पाण्यात तरंगायची, कोणाची तरी उसनी आणल्यासारखी. मग त्यांनी तळ धरला. मास्तर चालले. किंचित लंगडत, पण चालले.

दिवेलागणीला ते अजूनही खुर्चीच्या बाजूला यायचे. आता तिथे काकू असायच्या. पण कधीकधी त्या चिमटा घेऊन समोर बसलेल्या असताना मास्तर त्यांच्याकडे बघायचे नाहीत. त्यांच्या खांद्याच्या थोडं वर, मागे कुठेतरी बघायचे, आणि कल्ले एकदा, दोनदा हलायचे. काकू मागे वळायच्या नाहीत. “तिला माझ्या पाठीशी उभं राहायची सवय होती,” त्या म्हणायच्या. तेवढंच सांगायच्या.

मास्तरांनी चारी पायांनी पूर्ण फेरी मारली त्याच्या दुसऱ्या दिवशी थंडोबाने खोलीच्या चौकटीवरची रबराची पट्टी उपटली. खिडकीवरचे सगळे पत्रे काढले. टाकी उन्हाच्या वाटेतून हलवून भिंतीशी ठेवली. पत्रे दोरीने बांधून डोक्यावर घेतले, कारण ते मालकाचे होते आणि परत द्यायचे होते. स्वेटर खुंटीवर होता. त्याने त्याच्याकडे पाहिलं आणि तो तिथेच राहू दिला.

“उशीर करू नका,” काकू म्हणाल्या.

“दार…” तो बोलला, आणि थांबला. “दार उघडंच असू दे.”

तो गल्लीतून निघाला. डोक्यावर पांढरे पत्रे, अंगात साधा सदरा, मान ताठ. आम्ही गल्लीतले सगळे आपापल्या दारांतून बघत होतो. काकू खिडकीत उभ्या होत्या, दोन्ही हात गजांवर. त्यांच्या मागे, भिंतीशी, काचेआडून मास्तर बघत होते. त्यांना बघण्यावाचून दुसरं येतच नाही.

गल्लीच्या वळणाशी थंडोबाने एक हात पत्र्यांवरून सोडला, आणि मागे न वळता वर केला.

काकूंनी हात हलवला नव्हता. त्यांचे दोन्ही हात गजांवरच होते.

तो वळणाआड दिसेनासा झाला. त्यानंतर काकू वळल्या, आणि मुलीची खुर्ची खिडकीच्या आणखी थोडी जवळ सरकवून ठेवली.